पॉलिशवालीचे हात

दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावायचा तर आधी विचारावं लागतं, हे तिला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. त्याआधीची एकोणीस वर्षं तिचा संबंध कपाटं, टेबलं आणि खुर्च्यांशी आला होता, आणि खुर्चीला विचारायची पद्धत नाही.

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे पॉलिशवाली म्हणत. पॉलिश खात्याचे प्रमुख तिचे सासरे. 'खातं' हा शब्द जरा मोठा झाला, कारण खात्यात माणसं दोनच होती: एक सासरे आणि एक सून. सासऱ्यांना कारखान्यात मिस्त्री म्हणत, गल्लीत मिस्त्री म्हणत, आणि सासूबाई होत्या तोवर त्याही चारचौघांत मिस्त्रीच म्हणत. तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांचा जुना जोडीदार काम सोडून गेला, तेव्हा मिस्त्रींनी घरातल्या माणसांवर एक नजर फिरवली. मुलगा मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या नखांत कायम ग्रीस, आणि ग्रीसचा हात लाकडाला चालत नाही. राहता राहिली सून.

"हात दाखव," ते म्हणाले.

तिने तळहात पुढे केले. मिस्त्रींनी त्यांवरून आपल्या बोटांची मागची बाजू फिरवली आणि म्हणाले, "चालेल." मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही ते एवढंच बोलले होते.

बोटांची मागची बाजू ही मिस्त्रींची प्रयोगशाळा. घट्टे पडलेला तळहात खोटं बोलतो, त्याला सगळंच गुळगुळीत लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिला पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवायला शिकवलं. लाखेचं पॉलिश लावायचा कापसाचा बोळा कसा बांधायचा ते शिकवलं. हा बोळा लाकडावर कधी थांबवायचा नाही. "विमान उतरतं तसा चालता चालता टेकवायचा, आणि चालता चालताच उचलायचा. मध्ये थांबलीस की चिकटला," ते सांगत. मिस्त्री जन्मात विमानात बसले नव्हते, पण उपमेला तिकीट लागत नाही.

आणि काम संपलं कधी म्हणायचं? तर टेबलात समोरच्या खिडकीचे गज मोजता आले की. मोजता आले नाहीत तर मिस्त्री दोनच शब्द बोलायचे: "चमक नाही." की लगेच बोळा हातात, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस वर्षांत हे दोन शब्द तिने इतके ऐकले, की पुढे पुढे ताटात भात वाढतानाही कुणीतरी मागून ते म्हणेल असं तिला वाटायचं.

मग मिस्त्रींची नजर अधू झाली आणि ते घरी बसले. काही महिन्यांतच तिला खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" तिने सांगितलं. "मग ते सोडा," डॉक्टर म्हणाले. पॉलिशमधल्या स्पिरिटची वाफ एकोणीस वर्षं छातीत भरून घेतल्यावर याहून लांब सल्ल्याची गरज नव्हती.

काम सोडताना तिला एक बाई आठवली. ही बाई एकदा आपलं औषधांचं कपाट पॉलिश करून न्यायला कारखान्यात आली होती आणि तिला बोटांची मागची बाजू दारावरून फिरवताना बघत उभी राहिली होती. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" बाईने विचारलं होतं. "माझ्या मुलींना हे समजायला तीन महिने लागतात." बाई त्वचेची निगा शिकवायचा वर्ग चालवत होती. तिने दिलेलं कार्ड पॉलिशवालीने टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट बसावा म्हणून घडी करून खाली सारलं होतं. ते आता तिने बाहेर काढलं. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

वर्ग वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पांढऱ्या चादरींचे सहा पलंग, प्रत्येकाच्या डोक्याशी भिंगाचा गोल दिवा, कोपऱ्यात वाफेचं यंत्र, भिंतीवर त्वचेच्या थरांचा तक्ता. तक्त्यातले थर बघून तिला पहिल्यांदा प्लायवुड आठवलं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या मुली अकरा, सगळ्यांत मोठी बावीस वर्षांची. त्यांनी अर्ध्या तासात तिची काकू करून टाकली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे तीच कार्ड देणारी बाई, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, त्यामुळे दोघीही एकमेकींना अहोजाहो करत आणि दोघीही अवघडत.

"किती महिन्यांचा कोर्स?" मिस्त्रींनी घरी विचारलं.

"नऊ."

"चेहरा धुवायला शिकायला नऊ महिने? नऊ महिन्यांत माणूस चेहऱ्यासकट जन्माला येतो."

पहिल्याच दिवशी मॅडमनी तिचे हात उलटसुलट करून बघितले. पॉलिश पेपर वेगळा विकत घ्यायची गरज नव्हती, असे ते हात. "काकू, राग मानू नका," मॅडम म्हणाल्या, "पण या हातांत आत्ता कुणाला गाल द्यायला सांगू? आधी हे मऊ करा. रोज तेल, रात्री हातमोजे. आणि भांडी-कपडे बंद."

शेवटची अट ऐकून वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. घरी टाळ्या वाजल्या नाहीत, पण नवरा उठून मोरीकडे गेला. तो तिथून नऊ महिने परतला नाही असं म्हटलं तरी चालेल. ग्रीस काढायची पावडर त्याच्याजवळ होतीच. पहिल्या आठवड्यात त्याने कढईचं बूड इतकं घासलं, की सासूबाईंच्या वेळेपासून काळी समजली गेलेली कढई मुळात पांढरी आहे असं निघालं. पुढे कधीही कुणी नवऱ्याचं कौतुक काढलं की ती त्या कढईचं नाव घ्यायची.

दोन महिन्यांनी घट्टे सुटले आणि तिला पहिला खरा चेहरा मिळाला. तो रेडिओचा. रेडिओ ही वर्गातली एकोणीस वर्षांची मुलगी. सकाळी सुरू व्हायची ती जिना उतरेपर्यंत बंद व्हायची नाही. त्या दिवशी शिकायचं होतं स्क्रब, म्हणजे बारीक दाणे असलेलं मलम हलक्या बोटांनी फिरवून वरची मेलेली त्वचा काढणं. वेळ दोन मिनिटं. दोन मिनिटं झाली. पॉलिशवालीने कपाळ बघितलं. चमक नव्हती.

एकोणीस वर्षांची सवय घड्याळाचं ऐकत नाही. तिने आणखी थोडं फिरवलं. मग आणखी. रेडिओ बोलायची थांबली होती, हीच खरं तर धोक्याची घंटा. पण पॉलिशवालीला वाटलं, मुलीला आराम पडला. शेवटी कपाळावर भिंगाचा दिवा गोल, स्वच्छ दिसायला लागला, तेव्हा तिने बोटांची मागची बाजू फिरवली आणि स्वतःशीच म्हणाली, चालेल.

दुसऱ्या दिवशी रेडिओ आली ती कपाळावर ओला रुमाल धरून. रुमालाखालचं कपाळ तापलेल्या तव्यासारखं लाल झालं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. "काकू, तुम्ही लाकडावर काहीतरी चढवत होतात," त्या म्हणाल्या. "इथे जे आहे ते राखायचं असतं. चेहरा असा चमकला म्हणजे वरचं कवच गेलं. पुढचे तीन आठवडे तुम्हाला चेहरा नाही. पिकलेले टोमॅटो आणा. साखर आणि तेल घेऊन रोज दोन-दोन मिनिटं त्यांवर फिरवा. साल फाटली तर चेहरा फाटला असं समजायचं."

तीन आठवडे त्या घराने टोमॅटो खाल्ले. फाटलेल्या सालींचे आधी, न फाटलेल्यांचे नंतर. मिस्त्री जेवायला बसले की ताटाकडे वाकून विचारायचे, "आज कोण आहे?"

"बाबा, जेवा गुपचूप," नवरा म्हणायचा.

"तसं नव्हे, ओळखीचं असलं तर घास उतरत नाही."

पहिल्या आठवड्यात सतरा चेहरे फाटले, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात एकही नाही. ती वर्गात परत आली तेव्हा आपल्याला आता कोण चेहरा देणार, या धास्तीने दारातच उभी राहिली. आणि रेडिओ सरळ जाऊन तिच्या पलंगावर आडवी झाली. "या काकू. गाल घ्या आज. कपाळ सुट्टीवर आहे."

लोक देवाचे, आईबापांचे, गुरूचे उपकार मोजतात. पॉलिशवालीच्या मोजणीत एक पलंगही आहे आणि त्यावर आपण होऊन आडवी झालेली एक वटवटी मुलगी.

परीक्षेच्या महिनाभर आधी चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येकीने एका प्रकारची त्वचा उचलायची आणि त्या त्वचेचा माणूस स्वतः शोधून आणायचा. रेडिओला तेलकट त्वचा आली. तिने लगेच भावाचं नाव सांगितलं. पॉलिशवालीने चिठ्ठी उघडली: सत्तरीच्या पुढची त्वचा. म्हातारी त्वचा कुणालाच नको असते. ती पातळ, कोरडी, जरा हात जड पडला की डाग पडणारी. त्यातून परीक्षा वर्षातून एकदाच, आणि मॅडमनी एका त्वचेच्या दवाखान्यात तिच्यासाठी शब्द टाकला होता. दवाखाना निकालापर्यंत थांबणार होता, वर्षभर नव्हे.

शेजारच्या आजींनी आनंदाने होकार दिला आणि परीक्षेच्या चार दिवस आधी त्या लेकीकडे राहायला निघून गेल्या. गल्लीत सत्तरीच्या पुढचा दुसरा मोकळा चेहरा एकच होता. तो तिच्याच घरात होता आणि तिला तोंड वर करून मागायची हिंमत नव्हती.

मिस्त्री खिडकीशी बसून दाढी करत होते. आरसा समोर होता तो नावाला; ते बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून वस्तरा चालवत.

"बाबा, एक मागायचं होतं."

"टोमॅटो आता नको."

"टोमॅटो नाही. तुमचा चेहरा हवाय. परीक्षेला. चार दिवसांनी."

मिस्त्रींनी वस्तरा पुसला. "शहात्तर वर्षांत या चेहऱ्याला न्हावीसुद्धा लावला नाही मी. आणि आता सून पॉलिश करणार? हे लाकूड जळणाचं झालंय, सूनबाई. यावर हात नासू नकोस."

"पॉलिश नाही करायचंय."

"मग काय शिकलीस नऊ महिने?" त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "हात दाखव."

तिने तळहात पुढे केले. वीस वर्षांपूर्वीसारखीच त्यांनी बोटांची मागची बाजू फिरवली. घट्टे नव्हते. अंगठ्याच्या बुडाशी बोळ्याने पाडलेली गाठ नव्हती. मिस्त्री दोनदा चाचपत राहिले, घरात वस्तू जागेवर नसली की माणूस चाचपतो तसे.

"गेलं की गं सगळं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "एवढी वर्षं घातली होती मी त्यात. टोमॅटोला चोळून काढून टाकलीस."

तिला खूप काही सांगायचं होतं. जी बोटं कपाटावर फिरताना पाहून एका अनोळखी बाईने कार्ड दिलं, ती बोटं यांनीच घडवली होती. हे असं सासऱ्यांना तोंडावर सांगायची त्या घरात सवय नव्हती. म्हणून तिने फक्त विचारलं, "हात लावू का?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती हो होती की नाही ते कळलं नाही, पण मान मागे खुर्चीला टेकली. तिने बोटं त्यांच्या कपाळाशी आणली आणि चालता चालता टेकवली, भुवईवरून कानशिलापर्यंत नेली आणि चालता चालता उचलली. उजवा हात निघाला तेव्हा डावा टेकलेला होता. हे वर्गात शिकलेलं, चेहऱ्यावरून दोन्ही हात एकदम काढायचे नाहीत म्हणून. बाकीचं जुनं होतं.

मिस्त्री डोळे मिटून होते. तीन-चार फेऱ्या झाल्या.

"बोळा असाच उतरवायचा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "कुठल्या दिवशी आहे म्हणालीस?"

परीक्षेला मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पलंगावर आडवं होताना उशी कडक असल्याची तक्रार त्यांनी थेट परीक्षक बाईंकडे केली. परीक्षक बाहेरून आलेल्या; चष्मा दोरीने गळ्यात, हातात तक्ता. तक्त्यात प्रत्येक पायरीला गुण छापलेले. पहिली पायरी चौकशीची.

"कुठल्या गोळ्या घेता?" पॉलिशवालीने विचारलं.

"तूच देतेस की रोज!"

"परीक्षेत विचारावं लागतं, बाबा."

"मग लिही. सून देते त्या."

शेजारच्या पलंगाशी रेडिओ खोकल्याचं निमित्त करून हसली. पॉलिशवालीने रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं नाव लिहिलं. चेहरा कोमट पाण्याने पुसला, टिपला. पुढची पायरी स्क्रब, गुण पंधरा. वाटी तयार होती. तिने सवयीने बोटांची मागची बाजू गालावरून फिरवली.

कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी त्वचा. सकाळी वस्तरा जरा दाबून टेकला असेल तिथे एक जांभळा ठिपका उमटलेला. या गालावर दाणे फिरवायचे? अगदी टोमॅटोच्या हाताने फिरवले तरी? पंधरा गुण सोडले तर पुढे कुठे घसरायला जागा उरत नव्हती, हा हिशेब तिला येत होता. दवाखाना दिसत होता. आणि गाल दिसत होता.

"थांबू नकोस," मिस्त्री डोळे मिटूनच पुटपुटले. "चिकटेल."

तिने वाटी बाजूला ठेवली. "बाई, मी यांना स्क्रब करणार नाही."

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तक्त्यात आहे तो."

"हो."

"पंधरा गुण आहेत."

"हो. पण त्वचा फार पातळ आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. ही घासली की चमकेल, बाई." तिने वाटी आणखी थोडी दूर सारली. "चमकायला नको."

परीक्षक तक्त्यात काहीतरी लिहायला लागल्या. एका शून्याला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्या लिहीत होत्या. पॉलिशवालीने ओल्या मऊ कापसाने गाल पुन्हा एकदा टिपले आणि मलम घेऊन मसाज सुरू केला. कपाळ, कानशिलं, हनुवटी. दुसऱ्या फेरीला मिस्त्री घोरायला लागले. घोरण्याला तक्त्यात रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी मॅडमनी तिला तो तक्ता दाखवला. स्क्रबसमोर गुण: शून्य. शेजारी बारीक अक्षरात शेरा: 'केले नाही. निर्णय योग्य.' छापील तक्त्याला योग्य निर्णयासाठी गुण देता येत नाहीत, ही त्याची अडचण परीक्षक बाईंनी मान्य केली होती आणि आपलं मत शेजारी नोंदवून ठेवलं होतं. बाकीच्या पायऱ्यांवर ती चार गुणांनी वर राहून पास झाली. दवाखान्यात ती दुसऱ्या दिवशीपासून जायला लागली. म्हाताऱ्या चेहऱ्यांचे लोक तिथे तिचीच वेळ मागतात, आणि ती प्रत्येकाला आधी विचारते.

पण तिचा खरा निकाल त्याच्या तीन आठवडे आधीच लागला होता, परीक्षेच्याच संध्याकाळी. मिस्त्री घरी आले, खिडकीशी बसले. नवरा ओल्या हाताने मोरीतून बाहेर आला, कढई तशीच धरून.

"कसं झालं, बाबा?"

मिस्त्रींनी उत्तर द्यायची घाई केली नाही. त्यांनी हात उचलला, बोटं वळवली आणि त्यांची मागची बाजू आपल्या उजव्या गालावरून नेली, मग डाव्या, मग कपाळावरून. टेबल तपासायचे तसंच, रेषेच्या दिशेने. पॉलिशवाली दारात पिशवी धरून उभी होती. एकोणीस वर्षं ती हा निकाल ऐकायला अशीच उभी राहत आली होती.

"चमक नाही," मिस्त्री म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा पडला. "असं काय, बाबा? नऊ महिने घातले तिने—"

"तू भांडी घास," मिस्त्री म्हणाले. "तुला यातलं काय कळतंय?"

तिने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. मिस्त्रींचा हात अजून गालावरच होता.